अण्णा आता कुणाकडे जातात

आई,

पायांवर डोकं ठेवते आणि चांगलं ते आधी सांगते. धाकट्याचा भाजलेला हात भरून आलाय. गोळ्यांनी भूक वाढलीय, गाल असे वर आलेत की तू ओळखणार नाहीस. लाँड्रीत तो पुन्हा माझ्या शेजारी चादरींच्या घड्या घालतो. इस्त्रीकडे मी त्याला फिरकू देत नाही.

तू विचारलंस, ही औषधं हवीतच का, पोरगा दगड होऊन बसेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, हवीत. मीही तेच म्हणते. गेलेल्या अण्णांचा आवाज त्याला ऐकू यायचा, आणि त्या आवाजाने सांगितलं म्हणूनच त्याने तापलेल्या इस्त्रीवर हात ठेवला. आपले अण्णा असं कधी बोलले असते का?

पण तोच आवाज त्याला रोज 'जेवलास का' असंही विचारायचा. गोळ्यांनी दोन्ही बंद झालं.

काल त्याने गोळी शहाण्यासारखी गिळली, तोंड उघडून दाखवलं. मग म्हणाला, "ताई, अण्णा माझ्याकडे यायचे थांबले. आता ते कुणाकडे जात असतील गं?"

मी त्याचं अंथरूण घालत बसले.

तुझे गुडघे कसे आहेत? एकटीसाठी म्हणून स्वयंपाक टाळत नाहीस ना?

अण्णा तुझ्याकडे येतात, एवढी एक ओळ लिहून पाठव. मी त्याला वाचून दाखवीन.

आणि ते खरंच येत असतील, तर मला वेगळ्या कागदावर कळव.

तुझी थोरली