खऱ्याची पेटी

बाबूजी, तुमची पेटी सध्या सानगडीला माझ्या घरी आहे, तांदळाच्या कोठीवर. तिच्यावर मी जुनं लुगडं टाकून ठेवलं आहे. धूळ बसू नये म्हणून नाही, मला ती दिसू नये म्हणून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता ओढूनताणून आठवावा लागतो. पण पेटी नजरेस पडली की तुमच्या पायाचा अंगठा तेवढा लख्ख आठवतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, बापाबद्दल तर नाहीच नाही, असं लोक म्हणतात. म्हणू द्या. मला तुमची किळस आली आहे, आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

अड्याळच्या घरात पुढे तुमचं मोटर वाइंडिंगचं दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे आईची चूल. धानाला पाणी द्यायच्या दिवसांत शेतकरी जळालेल्या मोटारी बैलगाडीत घालून आणायचे आणि तुम्ही त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरत बसायचे, केसासारखी बारीक. हात होता तुमच्याजवळ, नाही कशाला म्हणू. एका पावसाळ्यात मोटारी यायच्या बंद झाल्या तेव्हा त्याच हातांनी तुम्ही ही पेटी केली. सागवानाच्या फळ्या, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, वर दुधी काचेचा दिवा, पुढे तळहाताएवढी पितळी पाटी. लाकूड नवंकोरं दिसत होतं, म्हणून हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे भिजवून तुम्ही ते काळं केलं. पितळेला चिंच लावू दिली नाही, मुद्दाम मळू दिलं. मी शेजारी बसून सगळं पाहिलं होतं. आणि पाहुणे आल्यावर तुम्ही सांगितलं, ही इंग्रजाच्या जमान्यातली आहे, नागपूरच्या एका जुन्या कोठीच्या लिलावातून उचलली. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं तर तुम्ही मला डोळा मारला. तेव्हा मला काय भारी वाटलं होतं! आता तो डोळासुद्धा आठवू नये असं वाटतं.

दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि ज्या गावाची मंडई त्या गावात सगळे सोयरे येऊन उतरतात. आपल्याकडे तर पाय ठेवायला जागा नसायची. लाखोरीच्या डाळीचे वडे, तळ्या-बोडीतल्या मासोळ्यांचा रस्सा, सगळं एकट्या आईच्या अंगावर. दुपारची जेवणं उरकली की तुम्ही टेबलावर पेटी मांडायचे, समोर तुमची लाकडी खुर्ची, पायाखाली गोणपाटाचा तुकडा. पाटीवर हात ठेवायचा आणि काहीतरी बोलायचं. खरं असेल तर दिवा लागतो, खोटं असेल तर लागत नाही. एखादा मामा म्हणायचा, यंदा मी दारूला शिवलो नाही. दिवा गप. लोक हसून हसून लोळायचे. पाहुण्यांच्या बायका हात ठेवायच्या तेव्हा मात्र दिवा हमखास लागायचा. दुसऱ्याच्या घरच्या बाईची मस्करी तुम्ही कधी केली नाही, एवढे तुम्ही सभ्य. गावभर तिचं नाव झालं, खऱ्याची पेटी.

शेवटी आईला हाक मारायचे. ती पदराला हात पुसत येते, डोक्यावरचा पदर नीट करते, पाटीवर हात ठेवते. तुम्ही विचारता, सांग, मले चोरून माहेरी काय काय धाडलं? ती म्हणते, काही नाही. दिवा लागत नाही. सगळे हसतात, तुम्ही सगळ्यात मोठ्याने. आईसुद्धा तोंडावर पदर धरून हसते आणि भांड्यांकडे निघून जाते. दरसाली हेच. लोकांना शेवटचा हा भाग पाहिजेच असायचा, तो झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मी हसत होते की नाही ते आठवत नाही. आई भोळी आहे, तिला या पेटीतलं काही कळत नाही, एवढं मात्र मी मनात धरून बसले होते.

मग तोरड्यांचं साल आलं. आंबागडची तुमची मोठी बहीण मंडईला आली होती, येताना चांदीच्या तोरड्या पायात होत्या, दुसऱ्या दिवशी नव्हत्या. गाठोडी सोडून पाहिली, अंथरुणं झटकली, न्हाणी पाहिली. नाहीत. आत्या दाराशी बसून राहिली आणि म्हणाली, पेटी आणा, पेटीच सांगेल. बाबूजी, त्या वेळी तुम्ही एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. अवो, खेळणं आहे ते, मीच बनवलं. बस्स, एवढंच. तुम्ही उठले, पेटी आणून टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसले.

घरातल्या सगळ्या बायांनी पाळीपाळीने हात ठेवले, मी नाही घेतल्या म्हणाल्या, आणि दिवा लागत गेला. आई शेवटी आली. तिचे हात पिठाचे होते. मी नाही घेतल्या, ती म्हणाली. दिवा लागला नाही. त्या दिवशी कोणी हसलं नाही. तुम्ही तिच्याकडे पाहतही नव्हते, पेटीकडे पाहत होते, जसं काही तुम्हालाही नवल वाटलं. सगळ्यांचा दिवा लागला असता तर पेटी खोटी पडली असती, पाहुणीचा लागला नसता तर सोयरीक तुटली असती. उरली घरची बाई. तिचं काय जातं!

महिन्याभराने आंबागडहून निरोप आला. तोरड्या सापडल्या, त्यांच्याच बैलगाडीतल्या तणसीत, बसायला धानाचं तणीस अंथरलं होतं त्यात. मला वाटलं, सुटली आई. पण आत्याचं म्हणणं असं की दिव्याने पकडल्यावर भिऊन तिनेच नेऊन टाकल्या असतील तिथं. आणि तुम्ही ते ऐकून हसले. दुकानातल्या माणसांना सांगत होते, पाहा पेटीचा वचक, चोरलेला माल परत येते. ते तुमचं हसणं आठवलं की आजही ओकारी येते. त्यानंतर आंबागडला कोणाचं लग्न असो की बारसं, आई गेली तरी तिला कोणी आतल्या खोलीत जाऊ दिलं नाही. मांडवात बसवायचे, ताट तिथेच आणून द्यायचे. आणि पुढच्या मंडईला तुम्ही पुन्हा पेटी मांडली, पुन्हा तिला हाक मारली. ती आली.

तुम्ही गेल्यावर दादाने फरशी बसवायला जमीन खोदली तेव्हा एक तार निघाली. टेबलाच्या पायातून उतरून सारवणाखालून तुमच्या खुर्चीपर्यंत आलेली, तुमच्या दुकानातलीच, केसासारखी बारीक. गोणपाटाच्या जागी दारावरच्या घंटीचं बटण. अंगठ्याने दाबलं की दिवा. म्हणजे प्रत्येक वेळी आई पाटीवर हात ठेवून उभी असताना तुम्ही अंगठा उचलून धरत होते. आईला दाखवायला गेले, तर तिने तार पाहिली, हं म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं, तिला समजलंच नाही.

यंदाच्या मंडईला मी अड्याळला गेले. दादाच्या मुलाने, माझ्या भाच्याने, पेटी माळ्यावरून काढून पॉलिश केली होती आणि सोफ्यासमोरच्या टेबलावर मांडली होती. आत्या, विंटेज पीस आहे हा, मला म्हणाला. तुमची तार गेली, आता त्याच्या खिशात रिमोट. बाकी खेळ तोच, शेवटचा भागही तोच. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या त्याच्या बायकोला त्याने स्वयंपाकघरातून हाक मारली. पाहुण्यांदेखत विचारलं, माहेर जास्त आवडते का सासर? ती म्हणाली, सासर. दिवा लागला नाही. लोक हसले. तिने तोंडावर ओढणी धरली आणि हसली, बाबूजी, अगदी तसंच हसली. आणि भाचा ओरडला, आता आजी!

आई खुर्चीवर बसली होती. शेजारीच आंबागडची आत्या, नातवाने गाडीतून आणलेली, दोघींच्याही तोंडात दात नाहीत. आईने मान हलवली.

"मी नाई ठेवत हात," ती म्हणाली. "तार मातीत मीच दाबत होतो. वरून शेणाचा हात मीच फिरवत होतो दर मंडईले. मले माहीत नव्हतं का?"

जमीन सारवायचं काम आईचं, हे मला का सुचलं नाही इतक्या वर्षांत? मंडईच्या आदल्या दिवशी ती पडवीपासून सारवत यायची आणि त्या एका पट्ट्यावर आम्हाला पाय ठेवू द्यायची नाही. ओलं आहे, म्हणायची.

भाचसुनेने हळूच विचारलं, "मंग आजी, तुम्ही काहून ठेवत होत्या हात?"

"चार पाहुण्यात त्यायची फजिती झाली असती," आई म्हणाली. त्यायची म्हणजे तुमची, बाबूजी.

मी आत्याकडे पाहिलं. निदान आता ती काही बोलेल, तोरड्यांचं नाव काढेल. तिने सुपारी चघळली आणि म्हणाली, "मले काय माहीत बाई. दिवा नव्हता लागला, एवढं खरं." आईने वडे उरले का म्हणून विचारलं. झालं. इतक्या वर्षांचा निकाल तेवढाच.

मी उठले, पेटी उचलली आणि बाहेर गाडीत नेऊन ठेवली. भाचा मागे आला, आत्या, मजाक होता, एवढं काय मनावर घेऊन राहिल्या. मी म्हटलं, तुझ्या बायकोले विचार मजाक होता का. रिमोट त्याच्या खिशातच राहिला, मला तो पाहिजेही नव्हता.

घरी आल्यावर उन्हात धरून पाहिली पेटी. सांधे असे जुळवलेले की नख शिरत नाही. आणि पितळी पाटीच्या चारी कडा कानशीने घासून गोल केलेल्या, कोणाच्या तळहाताला लागू नये म्हणून. पाहुण्यांच्या हाताची इतकी काळजी होती तुम्हाला. आईचा हातही त्याच पाटीवर ठेवला जायचा, त्यालाही ओरखडा आला नाही, हे खरंच. शी! वाटलं, कुऱ्हाड आणून फोडावी. फोडली नाही, लुगडं टाकलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही ते मंडईत पाहुण्यांना वाचून दाखवलं असतं, शेवटी आईला हाक मारून. पण एक सांगते. परवा दुपारी घरी कोणी नव्हतं. मी लुगडं काढलं, पाटीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, मले बाबूजीची किळस येते. दिवा लागला नाही. रिमोट अड्याळला आहे, हे मला माहीत होतं. तरी मी हात उचलला नाही, लागेल म्हणून बराच वेळ त्या काचेकडे पाहत बसले.