बतुकम्मेला तळं उरलं नाही

कुकटपल्ली, हैदराबाद. दसऱ्याचा आदला दिवस, २०१४. संध्याकाळ.

घरमालकीण यादम्माअक्कानं विचारलं आणि मी तोंडावर खोटं बोललो. नवं तेलंगणा झाल्यावरची ही पहिलीच बतुकम्मा, फुलांच्या देवीचा सण. गल्लीतल्या बायका फुलांचे थर रचलेली ताटं डोक्यावर घेऊन विसर्जनाला तळ्यावर गेल्या, तर पाणी नाही, पायऱ्याही नाहीत. कुठून असणार? पाडलेल्या घरांचा राडारोडा मीच टिप्परनं तिथं ओतलाय.

"तम्मी, पानी किधर गया रे?" ती मला तम्मीच म्हणते, धाकटा भाऊ.

"बारिशच नै हुई ना, अक्का."

तिनं बायकांना तेलुगूत तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं. मला काही राहवेना. पळत जाऊन खोलीवरचा टब आणला, तिथल्याच हापशावर भरून दिला. एकेकीनं त्यात फुलं सोडली. ज्याचा टिप्पर चालवतो त्या सेठनं सांगितलं म्हणून ओतलं, असं स्वतःला किती वेळा सांगू? त्या पायऱ्या मला दिसत होत्या ना ओतताना, हळदीकुंकू लागलेल्या!

मग अक्कानं प्रसादाच्या मलिद्याचा पहिला घास माझ्या हातावर ठेवला. बायकांना म्हणाली, "ये तम्मी नै होता तो क्या करते थे अपन?"

सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या.

मी तो घास खाल्ला.