नेम नक्की नव्हता

बाबा, गेल्या जूनमध्ये मी शिकारीला गेले होते. जनावरं बघायला नाही, खरोखरच्या शिकारीला. नामिबियात, बंदूक, गाइड, माग काढणारी माणसं, सगळा सरंजाम घेऊन. हे वाक्य तुमच्यासमोर उच्चारलं असतं तर तुम्ही ताटावरून मान वर न करता, "परवानगी कोणाची होती?" एवढंच विचारलं असतं. परवानगी होती, बाबा, रीतसर होती. ज्या गोष्टीसाठी तुम्ही जन्मभर रेंजर म्हणून लोकांच्या मागे जंगलात धावलात, ती तिकडे जाहिरात देऊन, राहण्याजेवणासकट विकतात. पाहुण्यांना सकाळी टोस्ट आणि अंडी देतात आणि मग हत्यार हातात देतात. पहिल्या दिवशी मला सारखं वाटत होतं की झुडपाआडून तुम्ही खाकी कपड्यांत बाहेर याल आणि आम्हाला सगळ्यांना ओळीने उभं कराल.

कोणाबरोबर गेले ते सांगते. तुम्ही माझ्या नवऱ्याला पाहिलं नाहीत, तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नोकरीला नुकती लागले होते. पुढे कंपनीने बेसिंगस्टोकला पाठवलं, तिथे हा शेजारच्या टेबलावर बसायचा. इंग्रज आहे आणि कट्टर शाकाहारी आहे. दुकानात गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत उभा राहतो, त्यात जिलेटिन नाही ना म्हणून. आपल्या घरात दर रविवारी मटण शिजायचं आणि पोरीने इंग्लंडात जाऊन घासफूस खाणारा शोधला, हे कोडं आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. त्याचे वडील मात्र अगदी उलट. ब्रिस्टलला राहतात, विमानांचे पंख तयार करण्याच्या कामात इंजिनियर होते, आणि तरुणपणापासून दर वर्षी स्कॉटलंडात हरणांच्या शिकारीला जायचे. माझ्या सासूबाई वारल्यानंतर ते सुटलं. पण कुडू मारायची एक इच्छा राहिली होती. कुडू म्हणजे आपल्या नीलगायीएवढं जनावर, अंगावर पांढरे पट्टे, आणि शिंगं कपडा पिळावा तशी पिळलेली. सासऱ्यांनी ऐंशी ओलांडल्यावर सफारी बुक केली. बरोबर येणार होता तो त्यांचा जुना मित्र खुब्याच्या ऑपरेशनमुळे घरी बसला. मुलगा म्हणाला, मी या गोष्टीला सोबत करणार नाही. तेव्हा स्वयंपाकघरातून मी म्हणाले, मी येते.

नवरा दोन दिवस धुमसला, मग माझ्या बॅगेत सनक्रीम भरून मोकळा झाला. इथल्या मराठी मंडळातली माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, तू सीरियस आहेस का? जा बाई, पण फोटोबिटो टाकू नकोस हं, इथे लोक बोलणं बंद करतील तुझ्याशी." मी का गेले हे मी तिला नीट सांगू शकले नाही. एकतर ऐंशी ओलांडलेल्या माणसाला एकटं सोडायचं कसं. दुसरं, त्यांचा उजवा हात थरथरतो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. ब्रिस्टलला गेलं की मी त्यांना चहा अर्धा कपच ओतते, नवराही अर्धाच ओततो, नणंदही. कोणी कोणाला सांगितलेलं नाही. या लोकांच्यात काळजी घ्यायची ती अशी, न बोलता. आणि मी सून, मी कशाला तोंड उघडू? मोठ्या माणसाचा उणेपणा त्याच्या तोंडावर बोलायचा नाही, हे तर मी घरूनच घेऊन आले होते. दोन्हीकडचं वळण इतकं छान जुळलं की बंदूक घ्यायची वेळ आली तरी सगळे गप्पच.

तिकडे गेल्यावर पहिलं काम म्हणजे कागदाच्या निशाणावर नेम तपासायचा. सासऱ्यांच्या गोळ्या कागदभर विखुरल्या. गाइड साठीचा, जर्मन घराण्यातला, तिथेच जन्मलेला माणूस, त्याने निशाणाकडे बघून, चांगलं आहे, बंदुकीवरची दुर्बीण जरा नीट बसवू या, असं म्हटलं. दुर्बिणीत काही दोष नव्हता. संध्याकाळी सासरे आंघोळीला गेले तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. जखमी कुडू काटेरी झाडीत शिरला तर तो मैलोन् मैल जातो, कधीकधी सापडतच नाही, असं सांगून त्याने विचारलं की यांना जमेल का. मी म्हणाले, त्यांनाच विचारा, फक्त माझ्यासमोर विचारू नका. त्याने मान हलवली आणि विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फक्त बसायला जास्त मऊ उशी दिली.

त्या रात्री मला तुमचा बिबट्या आठवला. चंद्रपूरकडच्या त्या गावात एका म्हातारीला त्याने उचललं, वरून मारायचा हुकूम आला आणि तुम्ही मचाणावर बसायला गेलात. सकाळी मी क्वार्टरच्या पायरीवर बसलेली, आई माझी वेणी घालतेय, आणि अंगणात अर्धं गाव उभं. बिबट्या आला होता, आमिषाला बांधलेल्या बकरीजवळ बसला होता, तुम्ही बंदूक रोखली होती, आणि झाडली नाहीत. तुम्ही चहाचा पेला हातात धरून सगळ्यांना सांगता, "नेम नक्की नव्हता, म्हणून मारला नाही." मागून कोणीतरी म्हणतं, मग साहेब बंदूक कशाला नेली होती, आणि लोक हसतात. आईचा हात माझ्या केसांत थांबतो. तुम्ही चहा संपवता आणि आत जाता. पुढे बाहेरून नेमबाज आणला, त्याने बिबट्या पाडला, आमच्या शाळेत त्याचा सत्कार झाला आणि हेडमास्तरांनी गुच्छ द्यायला नेमकं मलाच उभं केलं. तुझ्या बाबांच्या बंदुकीत काडतुसं असतात की शेंगदाणे, असं पोरं वर्षभर विचारत होती. मी तुम्हाला म्हणाले होते, निदान हवेत एक गोळी झाडायची तरी होती. तुम्ही मला कधी रागवायचा नाहीत, त्या दिवशी रागावलात. "आणि जखमी बिबट्या गावात सोडून मी घरी येऊन जेवू?" मला ते पटलं नव्हतं. मला शेंगदाणे बंद व्हायला हवे होते.

कुडू तिसऱ्या दिवशी सकाळी दिसला. आम्ही गाडी सोडून बराच वेळ चाललो होतो, उन्हं वर आली होती तरी थंडी होती. कोरड्या ओढ्याच्या पलीकडे तो आडवा उभा, मोठे कान हलवत. गाइडने तीन पायांचा लाकडी टेकू रोवला, सासऱ्यांनी त्यावर बंदूक टेकली. मी त्यांच्या अगदी मागे होते. नळीचं टोक छोटी छोटी वर्तुळं काढत होतं. मला ते दिसत होतं, गाइडला दिसत होतं, माग काढणाऱ्या दोघांनाही दिसत होतं. गाइड कुजबुजला, तुम्ही तयार झालात की झाडा. सगळे पुन्हा त्यांना चहा अर्धा कप ओतत होते. कुडूने मान वळवली. सासऱ्यांचं बोट चापावर गेलं.

मी म्हणाले, "डॅड, आर यू शुअर?"

शिकारीत अशा वेळी श्वासही मोठ्याने घेत नाहीत आणि मी बोलले. गाइडने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. सासरे हलले नाहीत. नळी अजून फिरत होती. मग त्यांनी बोट बाहेर काढलं, बंदूक टेकूवरून उचलली आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "नो. आय ॲम नॉट." कुडू एकदा भुंकला, हो, कुत्र्यासारखा भुंकतो तो, आणि झाडीत गेला. परत गाडीपर्यंतची सगळी वाट ते मागे वळून न बघता माझ्यापुढे चालले. मला वाटलं, संपलं, आता हे घर माझ्याशी आयुष्यभर नुसतं सभ्यपणे वागणार.

संध्याकाळी शेकोटीपाशी ते माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ लाकडं सारखी करत राहिले. मग म्हणाले की गेली दोन वर्षं सगळे मला विचारतात, आरामात आहात ना, हवं नको बघतात, उशा देतात. "तू पहिली. मला जमेल का असं मला कोणी विचारलंच नव्हतं." आणि पुढे म्हणाले, मला वाटत होतं, एकदा कोणीतरी विचारावं. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली, मचाण, बकरी, अंगण, चहाचा पेला. शेंगदाण्यांवर ते इतके हसले की खोकला आला. मग त्यांनी विचारलं, तुझे वडील नंतर कधी बोलले का त्यावर? मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, हं.

दुसऱ्या दिवशी कँपसाठी मटण हवं होतं म्हणून गाइडने स्वतः एक हरीण मारलं, सरळ लांब शिंगांचं. ते जागेवर पडलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. गाइडने जवळच्या झुडपाची हिरवी डहाळी तोडली आणि त्याच्या दातांत ठेवली. त्यांच्याकडे पद्धत आहे ती, त्याला शेवटचा घास म्हणतात. तेव्हा मला तुमची बाटली आठवली. रानात मेलेलं जनावर सापडलं की पंचनामा करायच्या आधी तुम्ही बाटलीतलं थोडं पाणी त्याच्या तोंडात घालायचात आणि बरोबरचे गार्ड एकमेकांकडे बघायचे. मेलेल्याला तहान लागते का, असं मी विचारलं तर म्हणाला होतात, त्याला नाही लागत, पण लगेच लिहायला बसणं बरं दिसत नाही. मी माझी बाटली उघडली आणि त्या डहाळीवरून थोडं पाणी ओतलं. कोणी हसलं नाही. संध्याकाळी ते मटण मी दोनदा वाढून घेतलं, हेही सांगून टाकते.

परवा ब्रिस्टलला गेलो होतो. मी सवयीने अर्धा कप चहा ओतला तर सासरे म्हणाले, भरून दे, सांडला तर पुसू. सांडला, बशीत आणि टेबलावर. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग उठून फडकं आणलं आणि नंतर स्वतःच विचारलं, डॅड, डॉक्टरकडे जायचं का या हातासाठी. त्यांची अपॉइंटमेंट आता ठरली आहे.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला ठरवून आठवावा लागतो. पण एक गोष्ट शेकोटीपाशी मी सांगितली नाही, ती इथे लिहिते. सासऱ्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी बोलले. गाइडला वाटतं कुडूसाठी. थोडं थोडं दोन्ही असेल. पण ती नळी फिरताना बघून मला एवढंच हवं होतं, की कोणीतरी पुन्हा एकदा चारचौघांत, भरल्या बंदुकीनिशी, नेम नक्की नाही असं म्हणावं, आणि आता मी मोठी झाल्यावर मला त्याची लाज वाटते का ते मला बघायचं होतं. कुडू गेला, सासरे बंदूक खाली धरून उभे राहिले, आणि मी वाट पाहिली. वाटली नाही, बाबा.