बापूची बहात्तर पानं

३ जून

चि. बापू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या कंपनीने तुमची कंपनी विकत घेतल्याचं कळलं असेलच. आता गंमत ऐक. दोन्हींचं एक करायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. हॉस्पिटलच्या ड्यूट्या लावणारं सॉफ्टवेअर दोघांकडेही आहे, त्यातलं एकच राहणार. तुझ्यासाठी वरच्यांशी भांडायचं, तर तू एकोणीस वर्षं तिथे काय करतोस ते मला कळायला नको का? सगळं सोप्या शब्दांत लिही. माझ्याहून धाकटा असून मला गणित शिकवायचास, तसं. ऑफिसच्या मेलवर मात्र नको, तिथे दहा जणांचे डोळे असतात. घरच्या पत्त्यावर पाठव.

प्रकृतीला जप, आणि आमची आठवण ठेव.

तुझी ताई

१४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून जिवात जीव आला. इथे सगळ्यांची तोंडं सुतकी, मी एकटाच शीळ घालत हिंडतो. सोबत चाळीस पानं आहेत, उरलेली बत्तीस आठवड्याभरात पाठवतो. रजांचे नियम, तीन पाळ्यांचा घोळ, फेब्रुवारीत प्रोग्रॅम अडतो तेव्हा कुठली तारीख हाताने बदलायची, सगळं लिहिलंय. मेट्रनबाई कंपनीला सोडून अजून मलाच फोन करतात, तेही लिहिलंय. फुशारकी म्हण हवं तर.

ही म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं उघडं करू नका. मी म्हटलं, अगं, कंपनी नाही, ताई विचारतेय. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

लोभ आहे तो वाढता राहो.

तुझा बापू

२० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल आमच्या मजल्यावरच्या नऊ जणांना घरी पाठवलं. माझ्या टेबलाला कुणी हात लावला नाही. तुझे उपकार कसे फेडू? हीसुद्धा ओशाळली, आता बोलते माझ्याशी.

अशीच पाठीशी राहा.

बापू

२८ जुलै

चि. बापू यास आशीर्वाद.

आडवळणाने सांगत नाही. शुक्रवारी तुलाही पत्र मिळेल, त्यावर सही माझी आहे. काम तुझ्या एकट्याच्या डोक्यात होतं तोवर तुला हलवता येत नव्हतं. तुझी पानं मी इथल्या दोघींना दिली, महिन्याभरात तरबेज झाल्या. फेब्रुवारीचं दुखणं त्यांनी एका दुपारीच निस्तरलं. मेट्रनबाईंना त्यांचा नंबर दिलाय. वरच्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तू गेला नसतास तर मी गेले असते. आईला मी सांगेन, तू तिच्यापुढे रडू नकोस.

एकच अडलंय. पान एकेचाळीसवरची शेवटची ओळ लागत नाही. तुझं अक्षर मेलं पहिल्यापासून मुंग्यांचं. तेवढी नीट लिहून पाठव.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने वाचलं आणि घडी करून ठेवलं. मग माझ्यासाठी चहा टाकला, तेच जास्त लागलं. तुझा राग येतो. तू विचारलंस म्हणून मी पुन्हा लिहायला बसलो, याचा त्याहून येतो.

पान एकेचाळीस, शेवटची ओळ : 'इथे अडलं तर बापूला विचारा.'

ती खोडलीस तरी चालेल.

बापू