मंडपात नाव न वाचण्याच्या अटीवर

मी, कुमारी सुमती चंपतराव भोयर, वय पंचेचाळीस, व्यवसाय शिक्षिका, राहणार लकडगंज, नागपूर, आज सोमवारी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. परवा बुधवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले. पण तीनदा म्हणाले, म्हणून मी कागद आणवला. माझी बुद्धी शाबूत आहे. वर्गातल्या बावन्न मुलींची नावं मला हजेरीपटाशिवाय पाठ आहेत, यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही आणि तशी कोणाची हिंमतही नाही.

१. शाळेचा भविष्यनिर्वाह निधी आणि पोस्टातली बचत यातून आधी दवाखान्याचं बिल, मग माझं क्रियाकर्म करावं. तेरवीला पंगती उठवू नयेत. उरेल ते माझा भाऊ चंद्रभान याला द्यावं. १९६२ साली मी बी.एस्सी., बी.टी. होऊन घरी गेले, तेव्हा शिक्षणाच्या कर्जावरून तो म्हणाला होता, "शिकली तू, त फेडजो तू." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण पानावर बसलेल्या माणसाला असं बोलू नये. तो राग मला बावीस वर्षं पुरला. आता पुरे. चंद्रभानने रक्कम घ्यावी आणि रडू नये, त्याला ते शोभत नाही.

२. लेडीज सायकल शामलाला. शामला कोण, ते पुढे येईल. ही सायकल मी कर्जाचा शेवटचा हप्ता भरल्यानंतरच्या महिन्यात घेतली. ब्रेक सैल आहे, घट्ट करून घ्यावा.

३. मृत्युपत्रात कर्ज असल्यास लिहावं लागतं. मला आज कोणाचंही देणं नाही. पण होतं, आणि घराची वाटणी त्याच्यावरूनच ठरली आहे, म्हणून सांगते. आमच्या समाजाचा शिक्षण सहाय्यक निधी आहे. त्याच्याकडून पाच वर्षं कर्ज घेऊन मी शिकले. माझे वडील कुहीजवळ धानाची शेती करायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. निधीच्या कागदावर अंगठा उमटवताना त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी पास होईन ना?" पोरगी पास झाली. नोकरी लागली ती तात्पुरती, पहिले पाच महिने पगारच नाही. नंतर पंचाण्णव रुपये. कर्ज व्याजासकट चार हजारांच्या घरात गेलं होतं. दोन स्थळं आली आणि परत गेली. मुलगी चांगली आहे, पण तिच्यामागे देणं आहे, असा निरोप आला. माझ्यानंतर जे कर्जावर शिकतील त्यांना एक सांगून ठेवते. निधीची पत्रं उघडावीत. मी दीड वर्ष ती गादीखाली ठेवली. त्याने व्याज थांबलं नाही, फक्त झोप गेली. शेवटी मी जाऊन हप्ता लहान करून मागितला आणि तो मिळाला. हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

४. निधीचा मेळावा दसऱ्यानंतरच्या रविवारी असतो. आधी गुणवंतांना शाल-श्रीफळ, मग थकबाकीदारांची नावं माईकवरून, मग जेवण. नावं जेवणाच्या आधी असतात, म्हणून कोणी उठून जात नाही. १९६३ साली माझं नाव त्या यादीत होतं. मी बायकांच्या बाजूला मागे बसले होते. माझ्या भोळ्या वडिलांना गावात कोणीतरी सांगितलं असावं की सुमतीचं नाव माईकवर घेणार आहेत. ते न कळवता आले. नवीन धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. "कुमारी सुमती चंपतराव भोयर, मु. पो. कुही" असं म्हटल्याबरोबर ते पुरुषांच्या बाजूला उभे झाले, वळले आणि साऱ्या मंडपाला हात जोडून रामराम केला. सातशे माणूस त्यांच्याकडे बघत राहिलं. काही हसले. यादी कसली आहे ते त्यांना कळलंच नव्हतं. घरी जाताना एसटीत म्हणाले, "पोरी, तुह्यं नाव किती मोठ्यानं घेतलं वं!" मी त्यांना खरं सांगितलं नाही. ते गावभर ही गोष्ट सांगत राहिले आणि १९७१ साली तसेच गेले. मी कर्ज फेडलं ते १९७५ साली. पैसे फिटले, पण तो रामराम माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाही. त्या दिवशी यादी वाचत होते निधीचे चिटणीस रुपरावजी. आजही तेच वाचतात. आवाज खणखणीत आहे, ही माझी तक्रार समजावी.

५. शामला माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. कुहीकडचीच, पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेली. रोजगार विनिमय केंद्रात तीन वर्षं नाव नोंदलेलं आहे आणि कळमन्याच्या बाजारात एका अडत्याची वही लिहून पोट भरते. यंदा तिचं नाव यादीत आहे. नोटीस आल्यापासून दिवसातून एकदाच जेवते आणि घरच्या पत्रात सारं ठीक आहे असं लिहिते. तिची आई गोपिकाबाई येत्या रविवारी मेळाव्याला येणार आहे. तिलाही काही माहीत नाही. मी पैसे भरते म्हटलं, तर पोरगी म्हणाली, "बाई, मंग मी तुमची थकबाकीदार होईन. त्याहून निधीचीच बरी." मला राग आला, कारण तिच्या वयाची असताना मीही हेच म्हटलं असतं. म्हणून तिला पैसे देत नाही. तिला नोकरी लागेपर्यंत मागच्या खोलीचं भाडं घेऊ नये. घर कोणाचंही झालं तरी.

६. लकडगंजातलं दोन खोल्यांचं आणि मागच्या एका खोलीचं माझं घर, स्वकष्टार्जित, शेजारच्या आरागिरण्यांच्या लाकडी भुशासकट, मी शिक्षण सहाय्यक निधीला देते. भाड्यातून मुलींना कर्ज द्यावं. अट एकच. यापुढे थकबाकीदाराचं नाव माईकवरून वाचायचं नाही, फळ्यावर लिहायचं नाही. पत्र पाठवावं, बोलावून घ्यावं, हप्ता लहान करावा. एकदाही नाव वाचलं गेलं तर घर चंद्रभानला जाईल. तो ते आठ दिवसांत विकेल, याची निधीने खात्री बाळगावी.

७. मृत्युपत्राची अंमलबजावणी रुपरावजींनी करावी. शिक्षा म्हणून नव्हे. तीस वर्षं त्यांनी निधीचा एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, हे मला रागातही दिसत होतं.

पुरवणी. वरचं सारं लिहून झाल्यावर साक्षीसाठी रुपरावजींना बोलावलं. ते खुर्चीवर बसून वाचत होते. चौथ्या कलमाशी थांबले आणि चष्मा काढला. मला वाटलं, आवाजाबद्दल लिहिलेलं लागलं. मग ते जे बोलले ते शेजारचे नत्थूजी यांच्यासमोर बोलले, म्हणून जसंच्या तसं उतरवते.

"बाई, तुमच्या बाबांले सम्दं समजलं होतं. जेवणाच्या आधी मले बाजूले घेतलं. म्हणे, रुपराव, पोरीचं नाव घेतलं तशे सारे मागं वळून पाहाले लागले. तिनं मान खाली घातली. मंग मी उभा झालो. सारे माह्याकडं पाहाले लागले. म्हणे, पोरीले सांगजो नोको. तिले वाटू दे का बापाले काही समजत नाही, नाही त ते अजून एक ओझं घेऊन बसन. मी शपथ घेतली होती, बाई. आज मोडली."

इतकी वर्षं काहून सांगितलं नाही, असं मी त्यांच्यावर ओरडले. नत्थूजींनी चहा केला.

म्हणून सही करण्याआधी दोन दुरुस्त्या करते. पहिली: कलम चारमधला "भोळ्या" हा शब्द आणि "यादी कसली आहे ते त्यांना कळलंच नव्हतं" हे वाक्य खोडलं असं समजावं. दुसरी: यंदाची यादी कार्यकारिणीने मंजूर केलेली आहे आणि घराची अट मी मेल्यावरच लागू होईल, त्यामुळे रविवारी शामलाचं नाव वाचलं जाणार. रुपरावजी यादी वाचणार नाहीत, दुसरा कोणी वाचेल. ते खाली पुरुषांच्या बाजूला बसतील आणि शामलाचं नाव आलं की उभे राहतील. मी दवाखान्यात असेन किंवा नसेन, त्यांनी उभं राहायचं आहे. त्यांनी ते कबूल केलं आहे.

सही: सुमती चंपतराव भोयर
साक्षीदार: १. नत्थूजी बावणे, मुनीम, लकडाची टाल, लकडगंज
२. रुपराव ठवकर, चिटणीस, शिक्षण सहाय्यक निधी. दुरुस्ती दोन वाचली. उभा राहीन.
ठिकाण: नागपूर. दिनांक १ ऑक्टोबर १९८४