अव्वाचं मीठ

अप्पा, अव्वा अखेर बोलली. मरणाचा विषय निघाला की "अभद्र बोलू नका" म्हणत उठून जाणारी आपली अव्वा गेल्या सोमवारी चारचौघांत बोलली, आणि हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. पत्ता नाही म्हणून कागद घरातच राहील, राहू दे.

तुम्हाला तो बहात्तरचा दुष्काळ आठवतो ना? निलंग्यात आपल्या किराणा दुकानाशेजारचे कापडवाले काका एका सकाळी गेले. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण अंग गरम आहे तोवर "बसवा" म्हणायचं कुणी? जो म्हणेल त्यानं माणूस गेला हे सगळ्यांच्या आधी कबूल केलं असं व्हायचं. नांदेडहून मुलगा निघालाय, त्याला येऊ द्या, असं एकमेकांना सांगत सगळे थांबले. एसटी दुपार कलल्यावर आली. तोवर काकांचे पाय लाकूड झाले होते. मांडी घालताना गुडघ्यांचा जो आवाज आला, तो ओसरीवरच्या बायकांनीही ऐकला. अव्वानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तुम्ही घरी आलात, आंघोळ केलीत, ताटावर बसलात आणि न जेवता उठलात.

मग तुम्ही दुकानाच्या कोपऱ्यात मिठाचं एक पोतं वेगळं ठेवलंत. खड्ड्यात विभूतीबरोबर मीठ घालतात, तर हे माझं, विकायचं नाही, असं गिऱ्हाइकांना हसत सांगायला लागलात. अव्वानं अबोला धरला. तुम्ही कसले ऐकताय! सोमवारची पूजा झाली की भिंतीला पाठ लावून मांडी घालायचात आणि मला शिकवायचात, आधी गुडघे, मग पाठ, मग हनुवटीखाली कापड. मला हसू यायचं, तुम्हीही एक डोळा किलकिला करून बघायचात. हळूहळू गल्लीतली म्हातारी माणसं येऊन आपापलं सांगायला लागली. कुणाला स्वतःच्या शेतातच जायचं होतं, कुणाला धाकट्या सुनेच्या हातची विभूती हवी होती, थोरलीची मुळीच नको. दुष्काळात माल यायचा थांबला तेव्हा तुम्ही त्याच पोत्यातलं मीठ लोकांना द्यायचात. "पोतं भरल्याबिगर मी जात न्हाई," म्हणायचात. "चला, मरण जरा म्होरं ढकललं."

लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्हाला केवढा आनंद, आता कामाला उस्मानाबादला पळायला नको म्हणून. त्या नव्या कचेरीत तुम्ही एकदाच जाऊन आलात. पोतं भरलेलं होतं. तुम्ही गेलात त्या सकाळी सगळे जमले आणि खाली बघत उभे राहिले, आणि मी, तुमची लेक, म्हटलं, "अप्पांना बसवा." आवाज माझाच, पण मला परका वाटला. तुमचे गुडघे सहज वळले. कुणाला काही सांगावं लागलं नाही, जो तो आपलं काम करत होता. मी रडत होते, पण आत कुठंतरी बरंही वाटत होतं.

तेच धरून मी इथं लातुरात, शाळेतून निवृत्त झाल्यावर, आमच्या गल्लीतल्या मठात सोमवारची बैठक सुरू केली. मरणावर बोलायची बैठक. आधी लोक म्हणाले, बाईंना काही काम न्हाई वाटतं. आता चिवडा घेऊन येतात. एका आजोबांना खड्ड्यात मोबाईल हवाय, चार्जरसकट. अव्वा प्रसादापुरती यायची आणि दाराशी खुर्चीवर बसायची. तिची मांडी कित्येक वर्षांत वळलेली नाही. गेल्या सोमवारी ती तिथूनच म्हणाली, "माझे गुडघे मोडू नका."

अप्पा, मला वाटायचं ती मरणाला भिते. ती काकांच्या गुडघ्यांच्या त्या आवाजाला भीत होती, इतकी वर्षं, एकटी. मठातले स्वामी उठून तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "आज्जी, आत्ता बसलाव तशाच बसवू की. पाय सोडून. देव काय मांडी बघतंय?" खड्डा खणणारे मामा म्हणाले, मग जरा खोल घेतो, खाली दगडाची बैठक करतो. अव्वानं माझ्याकडं बघितलं.

"पण बसवा म्हणंल कोण?"

"मी म्हणते, अव्वा."

येताना तिनं रिक्षा एका किराणा दुकानापाशी थांबवली आणि जाड्या मिठाची पिशवी घ्यायला लावली. ती आता तिच्या खाटेखाली असते. शेजारणीला दाखवून सांगते, हे माझं मीठ. रात्री गाढ झोपते, आणि परवा तर शेंगदाण्याचे लाडू कर म्हणून मागं लागली.

आता तुम्हालाच सांगते. जगाला तयारीचे धडे देणारी मी, अव्वा आंघोळीला गेली की त्या पिशवीतलं मूठभर मीठ काढते आणि स्वयंपाकात वापरते. पिशवी भरलेली बघवत नाही मला. काल आमटीचा घोट घेऊन ती थांबली.

"जाडं मीठ हाय का गं ह्यात?"

तिनं वाटी पुढं केली. "वाढ अजून."