कलत्या पाठीची खुर्ची

प्रिय खारुताई,

फोनवर मी "सगळं ठीक" म्हणतो, तू "बरं बाबा, ठेवते" म्हणतेस, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहायला बसलो. बातमी एकच आहे, पण माझ्या लेखी मोठी. कामाच्या खोलीत एक नवी खुर्ची उभी आहे. दुरुस्तीला आलेली नव्हे, मी केलेली. एका लहानशा गोष्टीवर अडून राहिली आहे, त्याचं पुढे सांगतो. तुझी आई गेल्यापासून मी नवं काही केलंच नव्हतं, हे तुला कधी बोललो नाही. लोकांच्या मोडक्या खुर्च्यांना पाय बसवायचे, डुगडुगणारी टेबलं गप्प करायची, एवढंच चाललं होतं. चांगलं लाकूड भिंतीला टेकून उभं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून चहा पीत होतो. खालचा शिंपी जिन्यातून डोकावून विचारायचा, "काय मिस्त्री, लाकूड वाळतंय की तुम्ही?" मी हसून वेळ मारून न्यायचो.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. जे शिकलो ते दुसऱ्यांच्या खुर्च्या उलट्या करून. तुझ्या मैत्रिणीच्या घरी गेलो होतो ते आठवतं? तिचे वडील पाणी आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात तर मी जमिनीवर फतकल मारून बसलेला, आणि त्यांची खुर्ची माझ्या मांडीवर पाय वर करून. तुझी आई शांतपणे म्हणाली, "यांना माणसांच्या आधी खुर्च्यांची तब्येत विचारायची सवय आहे." घरी येईपर्यंत तू माझ्यापासून चार पावलं लांब चालत होतीस. पण त्या खुर्चीचा सांधा मी पुढे जन्मभर वापरला गं. हात घेतला दवाखान्यातल्या खुर्चीचा, बैठकीचा उतार घेतला स्टेशनवरच्या बाकाचा. ती कामं करणाऱ्यांना मी कधी पाहिलं नाही, पण रंधा मारताना ते कारागीर आसपास बसलेत असं वाटायचं. एखादा म्हणायचा, "अजून थोडं काढ." दुसरा म्हणायचा, "पुरे आता, बिघडवशील." आई गेल्यावर तेही यायचे थांबले. खोलीत नुसता लाकडाचा वास आणि मी.

तुझ्या मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन आहे असं तू सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "बाबा, दगदग करून येऊ नका हं." मी हो म्हणालो. आणि आलो. इस्त्रीचा सदरा घालून, बसमध्ये खिडकीशी बसून आलो. टेबलापाशी बसलेली मुलगी म्हणाली, "ताई आत्ताच पाहुण्यांबरोबर जेवायला गेल्या, थांबता का काका?" मी म्हटलं, "बघतो जरा." एकेक भांडं बघत गेलो आणि त्या उंच, राखाडी रांजणापाशी पाय अडले. एका बाजूला किंचित कललेला. पडेल असं वाटावं आणि पडू नये, असा. खाली बूड कसं सांभाळलंय ते बघायला मी वाकलो, हात पुढे गेला, तशी ती मुलगी धावतच आली. "अहो काका, हात नाही लावायचा!" मी माफी मागितली. तुझा बाप आहे असं सांगितलं नाही. बाहेर पडलो तेव्हा समोरच्या हॉटेलच्या काचेमागे तू दिसलीस. काहीतरी सांगत होतीस आणि सगळं टेबल हसत होतं. छान दिसत होतीस. मी रस्ता ओलांडला नाही, बसथांब्याकडे वळलो.

परतीच्या वाटेवर उमगलं की तो रांजण मी ओळखतो. तुझी आई अशीच बसायची. मी तिच्यासाठी ताठ पाठीची खुर्ची केली होती, कुठल्याशा मोठ्या घरात पाहिलेली बघून, मोठ्या हौसेने. आणि ती आपली खिडकीकडे एका अंगावर कलून बसायची, उजेडात वाचायला. मी म्हणायचो, "अगं, नीट बस की." ती पान उलटून म्हणायची, "खुर्ची तुमची असेल, पाठ माझी आहे." तू तेव्हा जमिनीवर बसून चित्रं काढायचीस, आमच्याकडे तुझं लक्षही नाही असं मला वाटायचं. पण ते कलणं तू साठवून ठेवलंस आणि मातीत उतरवलंस. मी खुर्ची करणारा माणूस, मला ते तुझ्या मातीत बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकलेलं लाकूड खाली घेतलं. पाठ खिडकीकडे हलकीशी कललेली, एक हात दुसऱ्यापेक्षा जरा खाली, कोपर आपसूक टेकेल असा. दोन पाठी बिघडल्या, तिसरी जमली. शिंपी वर येऊन म्हणाला, "मिस्त्री, वाकडी झाली की हो!" मी म्हटलं, "झाली नाही, केली." तो खुर्चीभोवती एक फेरी मारून खाली गेला. आणि खरं सांगू? काम करताना शेजारी कुणीतरी होतं. या वेळी ते कोण, हे मला ठाऊक होतं. तू होतीस.

आता अडलंय कुठे ते सांगतो. खुर्चीचे पाय मी आधी लांबच ठेवतो. जिची खुर्ची, तिला बसवायचं, तळवे जमिनीला नीट टेकतात का बघायचं आणि मगच कापायचे. आईसाठी म्हणून सुरू केली होती, पण पाठ बसवली तेव्हा कळलं की ही तुझी आहे. शिंपी म्हणतो, "मी बसतो, कापून मोकळे व्हा." त्याला मी बसू दिलं नाही. तुझ्या गुडघ्याची उंची मला ठाऊक नाही, खारुताई. ती शेवटची मापली तेव्हा तुझ्या पायात शाळेचे मोजे होते. फोनवर माप सांगू नकोस, ऐकीव मापावर मी कापत नाही. सवड काढ आणि एकदा येऊन बस.

तुझाच,
करवत बाजूला ठेवून थांबलेला
बाबा